अल्बम आणि नोंदवही : स्त्रीपार्टी नटाची रंगभूषा आणि कॅमेरा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आम्हाला इतिहास शिकवीत. समोरचा कागद काय सांगतो हे पाहण्याआधी तो कोणी लिहिला आणि कोणासाठी लिहिला हे पाहावे, ही त्यांची शिकवण होती. आज मी जो विषय आपल्यापुढे मांडणार आहे तो पाठ्यपुस्तकात येत नाही. स्त्रीवेश घेणारा पुरुष नट, त्याची रंगभूषा आणि ती टिपणारा कॅमेरा असा हा विषय आहे. विषय हलकाफुलका वाटण्याचा संभव आहे. परंतु गुरुजींच्या रीतीने त्याच्याकडे पाहिले, तर आपल्या समाजाने कोणाला कौतुकाने पाहिले आणि कोणाला संशयाने पाहिले, याचा एक नेमका हिशेब हाती येतो. तेवढ्यासाठीच मी हा विषय निवडला आहे.

या विषयाला कुकटपल्ली ही जागाही अनुरूप आहे. आपल्या शाळेपासून जवळच वाहणारा तो गजबजलेला रस्ता, ज्याला आपण अजूनही मुंबई हायवे म्हणतो, तो पुण्याहून निघून मछलीपट्टणला पोहोचणारा ६५ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आहे. त्याच्या एका टोकाला पुण्यात बालगंधर्व रंगमंदिर आहे. दुसऱ्या टोकाजवळ, कृष्णा जिल्ह्यात, कुचिपुडी हे गाव आहे. या दोन्ही ठिकाणी पुरुषाने स्त्रीची भूमिका करण्याची परंपरा वैभवाला पोहोचली. मध्ये आपण आहोत, आणि आपल्यापासून थोड्याच अंतरावर, लिंगमपल्लीला, सुरभी नाटक मंडळीची वसाहत आहे. या तिन्ही परंपरांचा आणि हैदराबाद शहरातील एका जुन्या कायद्याचा एकत्र विचार मला आज करावयाचा आहे.

१. पुरा झालेला चेहरा

विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले, तेव्हापासून मराठी रंगभूमीवर स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत आले. नाटक मंडळ्यांमध्ये अशा नटाला ‘स्त्रीपार्टी’ म्हणत. राजापार्टी आणि खलपार्टी असत, तसाच तोही एक पेशा होता आणि त्याला पगार, मान आणि स्पर्धा हे सारे होते. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या संगीत नाटकांनी या पेशाला गायनाची जोड दिली. भाऊराव कोल्हटकरांची शकुंतला आणि सुभद्रा आपल्या आजोबा-पणजोबांनी पाहिली. १९०५ साली नारायण श्रीपाद राजहंस किर्लोस्कर मंडळीत शकुंतला म्हणून उभे राहिले आणि पुढची तीन दशके बालगंधर्व हे नाव महाराष्ट्राच्या घराघरांत गेले. भामिनी, रुक्मिणी, सिंधू, द्रौपदी, वसंतसेना या त्यांच्या भूमिका. त्यांच्या नेसण्याची, केसांत फुले माळण्याची, दागिने घालण्याची रीत पांढरपेशा घरांतील स्त्रियांनी उचलली, हे त्या काळच्या आठवणींत पुनःपुन्हा येते.

ही रीत घरोघर पोहोचविण्यात प्रत्यक्ष प्रयोगांइतकाच वाटा छायाचित्रांचा होता. ज्याला नाटकाचे तिकीट परवडत नसे किंवा ज्याच्या गावी मंडळीचा मुक्काम पडत नसे, त्यालाही चित्र मिळत असे. ही चित्रे आजही पाहावयास मिळतात. एक कोरीव खुर्ची किंवा फुलदाणी, मागे रंगवलेला पडदा, अंगावर भरजरी शालू, मान किंचित कललेली, दृष्टी कॅमेऱ्याच्या थोडी बाजूला. या प्रत्येक चित्रात चेहरा पुरा झालेला आहे. तो होत असतानाचे चित्र जवळजवळ नाहीच.

याच काळातील आपल्या शहराची एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी १८९२ साली हैदराबादेत खास पडदानशीन स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ उघडला. तेथे छायाचित्र घेणारी व्यक्तीही स्त्रीच होती. उच्च कुळातील स्त्रीचे चित्र घ्यावे, परंतु ते परपुरुषाच्या नजरेस पडू नये, अशी ती व्यवस्था होती. आता या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. खऱ्या स्त्रीचे चित्र पेटीत बंद राही, आणि ज्या स्त्रीचे चित्र दिवाणखान्यात राजरोस टांगले जाई ती पुरुष होती. सौंदर्य, शालीनता, विरह, पातिव्रत्य या सर्वांचे दृश्य रूप समाजाला हवे होते. ते कुलीन स्त्रीकडून घेण्याची त्याची तयारी नव्हती. स्त्रीपार्टी नटाने ती उणीव भरून काढली आणि कॅमेऱ्याने ती टिकवून ठेवली. अल्बम या शब्दाने मी आज ज्या दस्तऐवजाकडे बोट दाखवितो आहे, तो हा.

२. रंगपट आणि काचेची प्लेट

रंगपटात काय चालत असे, हे आपल्याला चित्रांतून फारसे कळत नाही. ते कळते नटांच्या आणि नाटक मंडळ्यांच्या आठवणींतून. दाढी दोनदा घोटायची, हनुवटीवरची निळसर छटा झाकण्यासाठी सफेदा आणि पिवळसर रंग यांचा लेप द्यायचा, गालांवर आणि ओठांवर हिंगूळ, डोळ्यांत आणि भुवयांना काजळ, मग गंगावन, अंबाडा, फुले, आणि शेवटी लुगडे. तेलाच्या दिव्यांचा काळ संपून गॅसबत्त्या आल्या, पुढे वीज आली, तसतसा लेप पातळ होत गेला. अंधूक प्रकाशात जो रंग खुलतो, तो प्रखर प्रकाशात चेहऱ्याचा मुखवटा करून टाकतो. रंगभूषा ही प्रकाशाशी बांधलेली विद्या आहे, हे जुन्या नटांना कोणी शिकवावे लागले नाही.

मग या कृतीची छायाचित्रे का नाहीत? याची तीन कारणे मला दिसतात.

पहिले कारण तांत्रिक आहे. त्या काळच्या काचेच्या प्लेटला पुष्कळ प्रकाश लागे. स्टुडिओला काचेचे छत असे आणि चित्र दिवसा घेतले जाई. रंगपटातील दिव्याच्या उजेडात बसणाऱ्याला कितीतरी वेळ निश्चल राहावे लागले असते. मॅग्नेशियमची भुकटी पेटवून लख्ख उजेड पाडण्याची युक्ती होती, परंतु कापडी पडदे, केसांचे टोप आणि तेले यांनी भरलेल्या खोलीत ती धोक्याची होती. शिवाय त्या प्लेटला रंगांची दृष्टी सदोष होती. तिला निळा रंग अतिशय जाणवे आणि तांबडा जवळजवळ जाणवतच नसे. परिणामी हिंगुळाचे ओठ आणि कपाळीचे कुंकू चित्रात काळे उमटत, आणि निळे वस्त्र फिकट पडे. म्हणजे प्रेक्षकासाठी केलेली रंगभूषा कॅमेऱ्यासाठी निरुपयोगी ठरे. स्टुडिओत जाताना ती बदलावी लागे आणि तरीही जे बिघडे ते काचेवर बारीक पेन्सिलीने सुधारले जाई. छापील चित्रावर पुष्कळदा हाताने रंग भरत. अशा रीतीने नटाच्या चेहऱ्यावर एक रंगभूषा आणि त्याच्या चित्रावर दुसरी, असे दोन थर चढत. आपण ज्याला बालगंधर्वांच्या काळाचा पुरावा म्हणतो, त्यात रंगपटातील कलावंताचा हात आहे तसाच स्टुडिओतील कारागिराचाही आहे.

दुसरे कारण व्यवसायाचे. मंडळीचे उत्पन्न त्या भासावर अवलंबून होते. अर्धा रंगवलेला चेहरा बाहेर गेला तर भास मोडतो, अशी चालकांची समजूत असणे स्वाभाविक होते. रंगपटात परक्याला मज्जाव होता, तो यामुळेच.

तिसरे कारण प्रतिष्ठेचे आहे आणि त्याकडे मी पुढे वळणार आहे. पुऱ्या वेशातील नट ही शकुंतला असते आणि मुखरंग धुतलेला नट हा गृहस्थ असतो. या दोहोंमध्ये जे काही घडते त्याला नाव नव्हते, आणि ज्याला नाव नाही त्याचे चित्र काढून घेण्यास माणूस धजत नाही.

गुजराती रंगभूमीवरील थोर नट जयशंकर ‘सुंदरी’ (१८८९–१९७५) यांनी आपल्या आत्मचरित्रात मात्र या मधल्या क्षणाविषयी निःसंकोचपणे लिहिले आहे. स्त्रीवेश चढवून आरशासमोर उभे राहिले असता आपल्याच आतून एक तरुणी प्रकट होत असल्याचा अनुभव त्यांनी वर्णिला आहे. कॅमेऱ्याला जे जमले नाही ते आरशाने पाहिले होते आणि लेखणीने नोंदविले, असे म्हणावयास हरकत नाही.

३. कॅमेरा जवळ येतो

छायाचित्र हलू लागले तेव्हा हा प्रश्न वेगळ्या रीतीने पुढे आला. दादासाहेब फाळके यांना ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामतीची भूमिका करण्यास स्त्री मिळेना. शेवटी एका खानावळीत काम करणाऱ्या अण्णा साळुंके या तरुणाची त्यांनी निवड केली. १९१३ साली प्रदर्शित झालेल्या त्या चित्रपटातील तारामती म्हणजे भारतीय कथापटाची पहिली नायिका, आणि ती पुरुष होती. पुढे १९१७ सालच्या ‘लंकादहन’मध्ये साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. एकाच माणसाचा चेहरा एका दृश्यात धनुर्धारी पती आणि दुसऱ्यात अशोकवनातील पत्नी होत होता. रंगभूमीवर हे शक्य नव्हते. कॅमेरा थांबवून, वेश आणि रंग बदलून, तो पुन्हा सुरू केल्यामुळेच हे साधले. रंगभूषेची सारी कृती त्या दोन दृश्यांच्या मधल्या, न दिसणाऱ्या वेळात झाली. हेच साळुंके पुढे स्वतः मूकपटांचे छायालेखक झाले, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. ज्याच्यावर कॅमेरा रोखला होता तोच कॅमेऱ्यामागे जाऊन उभा राहिला.

मात्र कॅमेरा जसजसा जवळ आला, तसतसा स्त्रीपार्टी नटाचा काळ संपत गेला. नाट्यगृहाच्या दहाव्या रांगेतून जे शोभे ते मोठ्या केलेल्या चेहऱ्यात टिकेना. १९३२ सालच्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये तारामती दुर्गा खोटे झाल्या. १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणली तेव्हा स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या. बालगंधर्व १९३५ साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’मध्ये पुरुषवेशात, संत एकनाथ म्हणून पडद्यावर आले. त्यानंतर ‘साध्वी मीराबाई’ या चित्रपटात त्यांनी स्त्रीभूमिका केली, परंतु तोवर प्रेक्षकाची नजर बदललेली होती.

पुण्यात १९६८ साली बालगंधर्व रंगमंदिर उभे राहिले, तेव्हा तेथे चित्रकार गोपाळ देऊसकर यांनी रंगविलेली बालगंधर्वांची दोन तैलचित्रे लावण्यात आली. एक स्त्रीवेशातील, एक पुरुषवेशातील. हे देऊसकर आपल्या हैदराबादेत, चित्रकार असलेल्या चुलत्यांच्या घरी वाढलेले. या दोन चित्रांची जोडी मी पाहिली तेव्हा मला कौतुक वाटले आणि त्याबरोबर एक प्रश्नही पडला. दोन चौकटींच्या मधली जी मोकळी भिंत आहे, तेथे काय होते? या व्याख्यानाचा विषय ती मोकळी भिंत आहे, असे मी म्हणेन.

४. रस्त्याचे दुसरे टोक

आता आपण महामार्गावरून पूर्वेकडे जाऊ. कुचिपुडी गाव तेथील नर्तकांना गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह याने इनाम दिले, असे परंपरा सांगते. म्हणजे या कथेचा एक धागा आपल्या शेजारच्या किल्ल्यातून निघतो. सिद्धेंद्र योगी यांच्या नावाशी जोडलेले ‘भामाकलापम्’ हे त्या परंपरेचे केंद्र. गावच्या ब्राह्मण कुटुंबातील प्रत्येक मुलाने आयुष्यात एकदा तरी सत्यभामा व्हावे, असा तेथे संकेत होता. सत्यभामेच्या प्रवेशाला पडदा धरला जातो आणि त्यावरून तिची लांब वेणी बाहेर सोडली जाते. चेहरा अजून दिसलेला नसतो, पण सत्यभामा आलेली असते. वेदांतम् सत्यनारायण शर्मा (१९३५–२०१२) यांची सत्यभामा साऱ्या देशाने पाहिली. तेलुगू रंगभूमीवर बापट्ल्याचे स्थानम् नरसिंहराव (१९०२–१९७१) यांनी सत्यभामा, चित्रांगी, मधुरवाणी अशा भूमिका गाजविल्या. पुण्याला बालगंधर्वांविषयी जे ऐकू येते तेच आंध्रात स्थानम् यांच्याविषयी ऐकू येते. दोन्ही भाषांची नावे बदलली तरी वाक्ये तीच राहतात.

सुरभी मंडळीची कथा या दोहोंपेक्षा निराळी, आणि आपल्याला विशेष जवळची आहे. सुरभीची कुटुंबे आरे मराठी समाजातील. त्यांचे पूर्वज महाराष्ट्रातून आले, चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करीत आंध्रात स्थिरावले, असे ती मंडळी सांगतात. घरात मराठीची एक जुनी बोली आणि रंगमंचावर तेलुगू, असा त्यांचा दुहेरी संसार आहे. १८८५ साली कडपा भागातील सुरभी या गावी वनारस गोविंदराव यांनी ‘कीचकवध’ सादर केले, तेथून ही परंपरा सुरू झाली. संपूर्ण कुटुंबच मंडळी असल्यामुळे घरच्या स्त्रिया रंगमंचावर उभ्या राहिल्या. इतरत्र पुरुष स्त्री होत असताना सुरभीच्या मुली प्रल्हाद आणि कृष्ण होत होत्या. पहिल्या तेलुगू बोलपटात, म्हणजे १९३२ सालच्या ‘भक्त प्रह्लाद’मध्ये, नायिका होती ती सुरभी कमलाबाई.

लिंगमपल्लीला त्यांच्या रंगपटात मी काही वेळा बसलो आहे. तेथे रंगभूषेसाठी वेगळा माणूस नसतो. आई मुलाच्या भुवया रेखते, भाऊ भावाच्या मिशा चिकटवतो, लहान मूल शेजारी झोपलेले असते. अर्धा रंगवलेला चेहरा घेऊन एखादी बाई चहा गाळते आणि त्यात कोणालाच काही वावगे वाटत नाही. रूप पालटण्याची क्रिया तेथे स्वयंपाकासारखी घरगुती आहे. बालगंधर्वांच्या अल्बममध्ये जे मिळाले नाही ते मला तेथे दिसले. ज्या समाजात वेश घेण्याची लाज नाही, त्या समाजात वेश होतानाच्या चित्राचीही लाज नसते.

५. नोंदवही

श्रोतेहो, येथवर मी आपल्याला कौतुकाचा इतिहास सांगितला. आता दुसऱ्या दस्तऐवजाकडे वळतो.

१९१९ हे वर्ष लक्षात घ्या. त्या वर्षी २० फेब्रुवारीला बडोद्याला राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग झाला. भरजरी शालूंसाठी प्रसिद्ध असलेले बालगंधर्व त्यात ठिगळांचे लुगडे नेसून सिंधू झाले आणि प्रेक्षागृहे रडू लागली. त्याच वर्षी, म्हणजे १३२९ फसलीत, हैदराबाद संस्थानात हिजड्यांविषयीचा एक कायदा झाला. ब्रिटिशांच्या १८७१ सालच्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याचा एक भाग त्यांच्यासाठी होता, त्याच धर्तीवर हा कायदा होता. त्यानुसार शहरात राहणाऱ्या आणि काही विशिष्ट गुन्ह्यांचा संशय असलेल्या हिजड्यांची नावे व पत्ते सरकारी नोंदवहीत लिहावयाचे होते. नोंद झालेली व्यक्ती रस्त्यावर किंवा सार्वजनिक जागी स्त्रीवेशात वा दागिने घातलेली आढळली, किंवा तेथे तिने नाच, गाणे-बजावणे वा करमणुकीच्या खेळात भाग घेतला, तर वॉरंटाशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद अथवा दंड अशी शिक्षा होती.

हा मजकूर पुन्हा एकदा मनात वाचून पाहा. लुगडे तेच. बांगड्या त्याच. काजळ तेच. गाणे आणि नाचही तेच. नाटक मंडळीच्या नटाला या कायद्याने हात लावला नाही, कारण त्याचे नाव नोंदवहीत नव्हते. वेश हा गुन्हा नव्हता. विशिष्ट माणसाने तो घेणे हा गुन्हा होता, आणि तो माणूस कोण हे संशयावरून ठरत होते. एका पुरुषाच्या स्त्रीवेशाची नोंद अल्बममध्ये झाली आणि दुसऱ्याची पोलिसांच्या वहीत, हे एकाच काळात घडले.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. स्त्रीपार्टी नटाला वेश ही भूमिका होती; रंग धुतला की ती संपे. तृतीयपंथी व्यक्तीला तिचा वेश ही तिची ओळख आहे. ती धुऊन जात नाही. या दोघांना एक समजणे हा दोघांवरही अन्याय होईल. परंतु पाहणाऱ्या समाजाची नजर एकच होती, आणि तिने केलेला निवाडा दोन प्रकारचा होता. जे तात्पुरते आहे याची खात्री होती त्याला टाळ्या मिळाल्या. जे कायमचे असण्याची शंका आली त्याला बेडी. स्त्रीपार्टी नटाचे मधले, अर्धे झालेले चित्र का काढले गेले नाही, याचे तिसरे कारण मला येथे सापडते. त्या अर्ध्या चेहऱ्यात तात्पुरते कोणते आणि कायमचे कोणते, हे सांगता येत नाही. समाजाला नेमकी तीच गोष्ट पाहावयाची नव्हती.

स्वतंत्र भारताने या कलावंतांचा गौरव केला. स्थानम् नरसिंहराव यांना १९५६ साली पद्मश्री, बालगंधर्वांना १९६४ साली पद्मभूषण, सत्यनारायण शर्मा यांना १९७० साली पद्मश्री आणि जयशंकर सुंदरी यांना १९७१ साली पद्मभूषण मिळाले. हे सर्व होत असताना १३२९ फसलीचा तो कायदा हैदराबादच्या कायदेपुस्तकात तसाच होता. संस्थान गेले, भाषावार राज्ये झाली, तेलंगणा राज्य झाले, तरी तो राहिला. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली तृतीयपंथी व्यक्तींची स्वतंत्र ओळख मान्य केली आणि २०१८ साली समलिंगी संबंधांवरील गुन्ह्याचा शिक्का पुसला. तेलंगणा उच्च न्यायालयाने हा हैदराबादी कायदा घटनाबाह्य म्हणून रद्द केला तो जुलै २०२३ मध्ये. म्हणजे ती नोंदवही कायद्याने बंद होण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली.

६. अर्ध्या चेहऱ्याचे चित्र

छायाचित्रणाची साधने बदलल्यावर रंगपटातील चित्र सहज शक्य झाले. १९२५ पासून हातात मावणारे लायका कॅमेरे मिळू लागले आणि १९५४ मध्ये ट्राय-एक्स ही जलद फिल्म छोट्या कॅमेऱ्यासाठी आली. दिव्याच्या उजेडात, भुकटी न पेटवता, चेहरा टिपता येऊ लागला. आपल्या देशात या प्रकारचे ज्याला आदर्श म्हणावे असे काम कोलकात्याचे नवीन किशोर यांनी केले. बंगालच्या जात्रेत स्त्रीभूमिका गाजविलेले आणि पुढे स्त्रिया रंगमंचावर आल्यावर मागे पडलेले चपल भादुडी देवी शीतला होऊन गात. त्यांचा चेहरा देवीचा होत असतानाची छायाचित्रे आणि १९९९ सालचा एक माहितीपट नवीन किशोर यांनी केला. या चित्रांत वृद्ध होत चाललेला पुरुष आणि उमलत चाललेली देवी हे दोघेही एकाच चौकटीत आहेत. दोन तैलचित्रांमधील मोकळी भिंत येथे भरलेली दिसते.

हैदराबादेत आज ड्रॅग म्हणून ओळखली जाणारी कला सार्वजनिक रंगमंचावर सादर होते. पात्रुनी चिदानंद शास्त्री यांच्यासारखे शास्त्रीय नृत्य शिकलेले कलावंत ती उघडपणे करतात. कुकटपल्लीच्या हाउसिंग बोर्ड वसाहतीतील एका घरात अशाच एका तरुण कलावंताची रंगभूषा मी टिपली, त्याविषयी थोडे सांगतो. भिंतीला टेकवलेला आरसा आणि वरची ट्यूबलाइट, एवढीच व्यवस्था होती. त्यांनी प्रथम भुवया डिंकाच्या कांडीने सपाट बसवल्या आणि वर पावडर दाबली. चेहऱ्यावर भुवया नाहीशा झाल्या की ओळखीचा माणूस अनोळखी दिसू लागतो. मग दाढीच्या निळसर छटेवर नारिंगी रंग, त्यावर चेहऱ्याचा रंग, गालांना गडद सावली, जुन्या भुवयांच्या बोटभर वर नव्या भुवया, मोठे केलेले डोळे. सफेद्याच्या आणि हिंगुळाच्या जागी ट्यूब आणि डब्या आल्या आहेत. पण दाढीची निळी छटा झाकण्याचा प्रश्न भाऊराव कोल्हटकरांच्या काळी होता तोच आहे. सुमारे दोन तास गेले. मला वाटले होते की टोप चढवताच परिवर्तन पूर्ण होईल. प्रत्यक्षात ते त्याआधीच झाले. बांगड्या चढवल्यावर त्यांनी पाण्याचा पेला उचलला, आणि पेला धरण्याची पद्धत वेगळी होती.

काम झाल्यावर आम्ही चित्रे एकत्र पाहिली. त्यांतील दोन ठेवू नका असे त्यांनी सांगितले. त्या दोन्हींत भुवया झाकलेल्या आणि बाकी काहीच झालेले नव्हते. छायाचित्रण म्हणून ती त्या दिवसाची सर्वांत उत्तम होती. मी ती त्यांच्यासमोर पुसून टाकली. त्यांच्या घरमालकाला, नात्यातल्यांना, नोकरीच्या ठिकाणी कोणता चेहरा माहीत असावा, हे ठरविण्याचा अधिकार त्यांचा होता. कायदा रद्द झाला तरी नोंदवही ठेवण्याची समाजाची सवय एका निकालाने जात नाही, आणि आज प्रत्येकाच्या खिशातील फोन ही एक नोंदवही होऊ शकते.

७. समारोप

मित्रहो, अल्बम आणि नोंदवही या दोन्हींत माणसाचा चेहरा किंवा नाव उतरविले जाते. फरक एवढाच की, अल्बममध्ये बसणारा माणूस आपल्या इच्छेने बसतो आणि नोंदवहीत त्याला विचारले जात नाही. कॅमेऱ्याने या दोन्हींची कामे केली आहेत आणि पुढेही करील. तो कोणाच्या हाती आहे आणि समोरच्याला नाही म्हणता येते किंवा नाही, यावर त्याचे काम ठरते.

अर्ध्या रंगलेल्या चेहऱ्याचे चित्र मला पुऱ्या चेहऱ्याच्या चित्राहून मोलाचे वाटते, ते यासाठी की त्यात श्रम दिसतात. आपण ज्याला स्त्रीचे लावण्य किंवा पुरुषाचे तेज म्हणतो, त्यात किती भाग जन्माचा आणि किती भाग दोन तासांच्या कष्टांचा, हे त्यात उघड होते. बालगंधर्वांची सिंधू पाहून ज्यांचे डोळे भरून आले, त्यांना समोर पुरुष आहे हे ठाऊक होते. तरी ते रडले. तेवढी समज ज्या समाजात होती, त्या समाजाने ती नाट्यगृहाच्या दाराबाहेर का नेली नाही, हा प्रश्न मी आपल्यापुढे ठेवतो. गुरुजी असते तर उत्तर देण्याआधी त्यांनी आपल्याला दोन्ही कागद शेजारी ठेवून पुन्हा एकदा वाचावयास सांगितले असते.